कारखान्याचा सातबारा

व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी विषय विचारला, तेव्हा माझे उत्तर ऐकून ते थोडे गप्प झाले. कामगार चळवळीतला मनुष्य बोनसवर बोलेल, महागाईवर बोलेल, फार तर ठेकेदारी पद्धतीवर कडाडेल, अशी त्यांची समजूत. मी म्हटले, "मला एंटरप्राइज आर्किटेक्चरवर बोलावयाचे आहे. सबंध धंद्याची रचना संगणकावर मांडून, तिच्याकडे पाहून पुढचे बेत ठरविण्याची एक विद्या निघाली आहे आणि तिच्यासाठी खास सॉफ्टवेअर मिळते, त्याविषयी." ते म्हणाले, "अहो, पण हे इंजिनिअरांचे काम. तुम्ही कशाला त्यात?" हाच प्रश्न आपल्याही मनात असेल, म्हणून त्याचे उत्तर द्यावयाचा प्रयत्न करतो.

माझे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते रोलिंग मिलच्या पाळ्यांत, कामगार न्यायालयाच्या ओसरीवर आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेचा आव मी आणणार नाही. ज्या गोष्टीची ठोकर लागली ती मी शिकलो, इतकेच.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादा सातबारा असेलच. त्याचे मर्म पाहा. गावाचा नकाशा असतो, त्यात प्रत्येक तुकड्याला गट नंबर असतो. तोच नंबर गाव नमुना सातमध्ये येतो, तेथे जमीन कोणाच्या नावावर आहे ते कळते. नमुना बारामध्ये पीक कळते. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र पाहावयाची तर आठ-अ काढावा लागतो. जमीन तीच, गटाच्या बाजूने पाहिली की सातबारा, माणसाच्या बाजूने पाहिली की आठ-अ. खरेदीखत झाले, वारस लागले, की फेरफाराची नोंद होते, आणि ती मंजूर झाली की सातबारावरचे नाव बदलते. कर्ज देणारी सोसायटी असो, जमीन घेणारा असो की तंटा सोडविणारा असो, शेतावर पाय ठेवण्याआधी प्रत्येकजण हा कागद मागतो. निर्णय आधी कागदावर होतो, मग बांधावर.

आता शेताच्या जागी कारखाना घ्या. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून बिलेट ओतणाऱ्या भट्ट्या आणि त्या बिलेटांच्या सळया लाटणाऱ्या मिला आहेत, हे जालनेकरांना सांगावयास नको. भंगाराची गाडी वजनकाट्यावर येते, माल निवडला जातो, भट्टीत जातो, बिलेट होते, ते रोलांतून निघते, पाण्याने थंड होते, कापले जाते, बंडल बांधले जाते, पुन्हा काटा, आणि गाडी दरवाज्याबाहेर. ही झाली कामाची एक साखळी. तिच्या शेजारी दुसरी चालू असते: भंगाराची खरेदी, वीजबिल, हजेरीपट, बँकेचा हप्ता, गिऱ्हाइकाची उधारी. आणि ह्या दोहोंच्या खाली तिसरी: काट्याला जोडलेला संगणक, हिशेबाची प्रणाली, पाळीच्या नोंदीची प्रणाली. मालकाला पहिली ठाऊक, मुनिमाला दुसरी, संगणकवाल्याला तिसरी. तिन्ही एकमेकींत कोठे गुंतल्या आहेत हे बहुधा कोणालाच नीट ठाऊक नसते. आणि जेथे गुंता असतो तेथेच एक सुधारणा करावयास जावे तर दुसरीकडे काहीतरी मोडते.

हे सॉफ्टवेअर काय करते? त्यात एक कोठार असते. धंद्यातली प्रत्येक गोष्ट, मग ते काम असो, माणूस असो, यंत्र असो की नोंदवही असो, त्या कोठारात एकदाच नोंदावयाची. मग त्या गोष्टींमधले संबंध नोंदावयाचे. येथे खरी गोम आहे. फळ्यावर खडूने दोन चौकटी काढून त्यांच्यामध्ये रेघ ओढली, तर ती नुसती रेघ. तिचा अर्थ ओढणाऱ्याच्या डोक्यात. येथे प्रत्येक रेघेला ठरीव अर्थ द्यावा लागतो. हा मनुष्य ह्या कामावर नेमला आहे. हे काम ह्या प्रणालीवर चालते. हे संपल्यावर ते सुरू होते. येथून तेथे माल जातो. असे संबंध भरले, की आठ-अ काढावा तसे हवे ते दृश्य काढता येते: मालकासाठी खर्चाचे, इंजिनिअरासाठी यंत्रांचे, मुनिमासाठी नोंदींचे. मूळ नोंद एकच असल्यामुळे एका ठिकाणी फेरफार केला की सगळ्या नकाशांत तो उमटतो.

ह्याचा उपयोग विचारण्यासाठी. समजा, काट्याचा संगणक बदलावयाचा आहे. सॉफ्टवेअरला विचारावे, हा काढला तर काय काय अडेल? ते रेघांच्या मागोमाग जाते आणि सांगते: गेटपास अडेल, बिल अडेल, ठेकेदाराची टनावारी अडेल. शिवाय आजची स्थिती आणि उद्याची स्थिती असे दोन आराखडे शेजारी ठेवता येतात. दोहोंमधला फरक म्हणजे करावयाच्या कामांची यादी. तिला खर्च आणि तारीख जोडली की झाली योजना. 'उद्या' एकच पाहिजे असेही नाही. एक उद्या नव्या भट्टीचा, एक जुनीच दुरुस्त करण्याचा. दोन्ही मांडून तुलना करता येते. ज्याने कधी डायरीच्या मागच्या पानावर आकडे मांडून लाखोंचे निर्णय घेतलेले पाहिले आहेत, त्याला ह्यातली सोय कळेल. मी अशा सोयीच्या विरुद्ध नाही. धंदा डोळस चालला तर कामगाराचाही पगार वेळेवर होतो.

मात्र सॉफ्टवेअर शहाणपण करीत नाही. जी रेघ कोणी ओढलीच नाही, तिच्या मागे ते जात नाही.

ह्या विद्येचा इतिहास वाचताना एका ठिकाणी मी थबकलो. अमेरिकेत जॉन झॅकमन नावाच्या, आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या गृहस्थांनी १९८७ साली एक लेख लिहिला. घर बांधताना जसा मालकासाठी वेगळा नकाशा, रचनाकारासाठी वेगळा आणि गवंड्यासाठी वेगळा लागतो, तसाच मोठ्या संस्थेच्या माहितीव्यवस्थेचाही असावा, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी एक तक्ता दिला. आडव्या ओळींत पाहणारे, उभ्या रकान्यांत प्रश्न. त्या पहिल्या लेखात तीन प्रश्नांचे रकाने तपशिलाने मांडले होते: काय, कसे आणि कोठे. 'कोण, केव्हा आणि का' हे तीन रकाने १९९२ साली झॅकमन आणि जॉन सोवा ह्यांनी मिळून लिहिलेल्या दुसऱ्या लेखात रीतसर भरले गेले. म्हणजे 'कोण' हा प्रश्न पाच वर्षे मागून आला. ह्यात कोणाचा दुष्टपणा आहे असे मी म्हणत नाही. माहितीचे शास्त्र मांडणाऱ्याला आधी माहितीच दिसणार. परंतु आम्हा कामगारांच्या कानाला ही गोष्ट ओळखीची वाटते.

पुढे हॉलंडमध्ये २००२ ते २००४ च्या सुमारास 'आर्किमेट' नावाची रेखाटनाची एक भाषा तयार झाली आणि २००९ साली 'द ओपन ग्रुप' ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला आपले प्रमाण म्हणून प्रसिद्ध केले. ह्या भाषेत माणसासाठी वेगळी खूण आहे, लहान मूल काढते तशी काड्यांची आकृती. त्याने वठवावयाच्या भूमिकेसाठी वेगळी खूण, आणि नेमणुकीसाठी वेगळी रेघ. तेव्हा भाषेत जागा नाही, ही सबब आता कोणाला सांगता येणार नाही. ही भाषा चालविणारे 'आर्की' नावाचे सॉफ्टवेअर ब्रिटनमध्ये २०१० साली निघाले आणि ते फुकट मिळते. आमच्या युनियनच्या कचेरीतल्या जुन्या संगणकावर ते चालते, ह्याचा मी साक्षीदार आहे.

आपल्या देशात ही विद्या सरकारच्या दारापर्यंत आलेली आहे. आंध्र प्रदेशाने 'ई-प्रगती' ह्या नावाने सबंध राज्यकारभाराची अशी रचना मांडावयास घेतली, आणि केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ साली 'इंडिया' ह्याच उच्चाराच्या जवळ जाणारी 'इंडईए' ही चौकट सर्व राज्यांसाठी काढली. महाराष्ट्रात ह्या कामाचे माहेर म्हणावयाचे तर पुण्याचे. फकीरचंद कोहली ह्यांच्या पुढाकाराने १९८१ साली तेथे टाटांचे एक संशोधन केंद्र उभे राहिले आणि आराखड्यावरून थेट संगणकाचा कार्यक्रम कसा निर्माण करावा ह्यावर तेथे वर्षानुवर्षे काम झाले. पुढे त्याच संशोधकांचा रोख, सबंध संस्थेची संगणकावर जिवंत प्रतिकृती करून 'असे केले तर काय होईल' हे त्या प्रतिकृतीला विचारावे, इकडे वळला.

ह्यातला एक प्रयोग आपल्या सर्वांच्या आठवणीतला काळ जागा करील. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा टाटा कन्सल्टन्सीच्या संशोधकांनी पुणे शहराची अशी प्रतिकृती केली. त्यात घरे होती, कामाची ठिकाणे होती, ये-जा होती, आणि मुख्य म्हणजे माणसे होती. निरनिराळ्या वयांची, निरनिराळ्या दिनक्रमाची. कोणती बंदी घातली, कोणती उठविली, तर साथीचे काय होईल, हे त्यावर तपासता येई. आता पाहा, रोग माणसाकडून माणसाकडे जातो, म्हणून तेथे माणूस वगळून नकाशा काढण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. कारखान्यात माल माणसाच्या खांद्यावरून गाडीत जातो. तेथे मात्र माणूस वगळला जातो. कसा, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रोलिंग मिलच्या मालकांनी, नाव घेण्याचे कारण नाही, पुण्याहून एक तरुण सल्लागार आणला. मुलगा चांगला होता, नम्र होता. महिनाभर मिलमध्ये फिरून त्याने आराखडा केला आणि शेवटी भिंतीवर चित्र पाडून सर्वांना दाखविला. युनियनचा म्हणून मलाही बोलावले. हे मालकांचे सौजन्यच. पहिल्यांदा मी थक्कच झालो. ज्या मिलमध्ये मी स्वतः घाम गाळला, ती एका भिंतीवर मावली होती. मग मी बोट लावून एकेक रेघ वाचू लागलो. 'बंडल बांधणी' ह्या चौकटीपासून 'वजनकाटा' ह्या चौकटीपर्यंत एक बाण होता. बाणावर लिहिले होते, 'माल रवाना'. बस्स.

त्या बाणाच्या जागी रोज एकोणीस हमाल काम करीत.

मी त्या मुलाला विचारले, ही माणसे कोठे आहेत? त्याने प्रामाणिकपणे कोठार उघडून दाखविले. हजेरीपटावरून त्याने माणसे घेतली होती. हमाल ठेकेदाराचे, तेव्हा ते हजेरीपटावर नव्हते. हिशेबात ते होते, पण माणसे म्हणून नव्हते. 'लोडिंग खर्च, प्रति टन' अशी एक रक्कम होती. सातबारावर कुळाची, बोजाची नोंद घेण्यासाठी 'इतर हक्क' हा रकाना तरी असतो. ह्यांना तोही नव्हता.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न असता तर मी आपला वेळ घेतला नसता. त्या आराखड्यावरून निर्णय झालेला होता. रात्रीच्या विजेला त्या काळी दर कमी पडे, म्हणून लाटण्याचे काम रात्री न्यावयाचे आणि माल पहाटे तीनपासून भरावयाचा. आराखड्यात तो बाण कोणत्याही वेळी चालू शकत होता, कारण बाणाला घर नसते. हमालांना होते. ते आजूबाजूच्या खेड्यांतून सकाळच्या एस.टी.ने येत. पहिल्या आठवड्यात पहाटेपासून ट्रक उभे, माल तयार, भरणारे कोणी नाही. गाडीवाले थांबण्याचे भाडे मागू लागले. विजेत वाचले ते भाड्यात चालले. ठेकेदाराने हमालांना मिलच्या मागे पत्र्याखाली झोपावयास सांगितले. थंडीचे दिवस. दोघेजण आजारी पडले, तेव्हा काम बंद झाले आणि आम्ही बोलणी करावयास बसलो.

बोलणी करताना मी घोषणा दिल्या नाहीत. त्या मुलाला म्हटले, तुझे यंत्र उघड. मुकादमाला शेजारी बसविले आणि आम्ही त्या बाणाच्या पोटातले काम काढावयास घेतले. बंडल उचलणे, फळी लावणे, थर देणे, साखळी आवळणे, ताडपत्री. कोणत्या कामाला किती माणसे, एकाला किती वेळ, दिवा कोठे आहे आणि कोठे नाही. शेवटी त्या मुलाने स्वतःहून एक चौकट वाढविली, 'सकाळची बस', आणि तिच्यापासून हमालांपर्यंत रेघ ओढली. मग 'माल पहाटे भरल्यास' असे विचारले, तर जे आठ दिवस मिलच्या अंगणात घडले होते ते भिंतीवर दिसले. मालकांनी भरण्याची वेळ सहानंतरची केली. कामगार चळवळीत मला मिळालेल्या विजयांपैकी हा सर्वांत शांत विजय.

येथे आमच्या चळवळीचीही चूक सांगितली पाहिजे. संगणकाशी आमचे भांडण जुने आहे. आयुर्विमा महामंडळात १९६० नंतरच्या दशकात संगणक येऊ लागले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी मोठा विरोध केला. सरकारने यंत्रीकरणाच्या प्रश्नावर पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांमध्ये १९८३ साली संघटनांशी करार होऊन मगच संगणक आत गेला. हे लढे खोटे नव्हते. त्यांनी नोकऱ्या राखल्या. पण आम्ही सर्व लक्ष यंत्रावर ठेवले. यंत्र आणावे असे ज्या कागदावर ठरते, तो कागद वाचावयास आम्ही शिकलो नाही. यंत्र दारात आले म्हणजे उशीर झालेला असतो.

कायद्याने एक फट ठेवलेली आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली नववे-अ कलम घातले गेले. कपात होण्याचा संभव असलेली यंत्रांची अगर पद्धतीची सुधारणा करावयाची तर कामगारांना नोटीस द्यावी आणि एकवीस दिवस थांबावे, असा त्याचा आशय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. तिने कपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेंवर नेली, म्हणजे लहान कारखान्यांतल्या पुष्कळांच्या डोक्यावरचे छप्पर गेले. बदलाच्या नोटिशीची तरतूद मात्र तिच्यातही चाळिसाव्या कलमात राहिली आहे. अशी नोटीस आली की आम्ही आता एकच मागणी आधी करतो: ज्या आराखड्यावरून हे ठरले तो दाखवा. कायदा त्यांना दाखवावयास लावीत नाही. काही दाखवितात, काही दाखवीत नाहीत. जे दाखवितात त्यांच्याशी तंटा लवकर मिटतो, असा आमचा अनुभव.

आणि हे केवळ कारखान्यांपुरतेही नाही. जालना नगरपालिकेची २०२३ साली महानगरपालिका झाली. अशा शहराच्या पाण्याचा, कचऱ्याचा, करवसुलीचा आराखडा आज ना उद्या कोणीतरी संगणकावर मांडीलच, आणि मांडावाही. त्या वेळी कोणता वॉल्व्ह किती आटे फिरविला म्हणजे उंचावरच्या गल्लीत पाणी चढते, हे ज्याला ठाऊक आहे, त्या वॉल्व्हमनचे ज्ञान कोठारात गेले की नाही, एवढे आपण नागरिकांनी विचारावे. सहकारी बँकेचे संचालक येथे बसले असतील, बियाण्यांच्या धंद्यातले बसले असतील. त्यांनाही हेच विचारता येईल. चित्र सुबक आहे का हे विचारू नये. एक रेघ निवडावी आणि तिच्यावर कोण काम करतो ते विचारावे.

आता त्या एकोणीस जणांची पुढची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी खाली बसलो तर ती लबाडी होईल.

१९६९ च्या माथाडी कायद्याचा सगळा जीव नोंदणीत आहे. हमालाचे नाव मंडळाच्या वहीत चढले म्हणजे त्याची मजुरी, भविष्यनिधी, नुकसानभरपाई ह्यांना आधार मिळतो. म्हणून मी आयुष्यभर माणसांना सांगत आलो, नोंद करा, दिसा. ह्या हमालांचीही नोंदणी व्हावी म्हणून आम्ही खटपट सुरू केली, आणि आराखड्यातली ती पाने तिला पुरावा म्हणून जोडली. परंतु तोच आराखडा मालकांपाशीही होता. वर्षभराने त्यांनी नवा 'उद्या' मांडला. पूर्वी 'लोडिंग खर्च' ही एक रक्कम होती. आता कोणत्या कामाला किती माणसे आणि किती मिनिटे हे मीच नीट भरून दिलेले होते. चुंबकाची क्रेन बसविली तर बंडल उचलणे आणि थर देणे ही दोन कामे जातील, असे यंत्राने सांगितले. क्रेन आली. एकोणीसांचे आठ राहिले. आठांची नोंदणी झाली, त्यांना भविष्यनिधी मिळतो. अकरांना आम्ही भांडून काही रक्कम मिळवून दिली.

त्या अकरांपैकी एकजण मला मोंढ्यात भेटला. आता तो धान्याची पोती उचलतो. म्हणाला, "भाऊ, तुम्ही आमाला त्या नकाशात काढलं, म्हणून तर आमी सापडलो."

मी त्याला म्हणालो, क्रेन तशीही आली असती. ते खरेही असेल. पण त्याने मान हलविली नाही आणि मलाही ते उत्तर पुरेसे वाटले नाही. त्यानंतर आम्ही एक नियम केला. आराखड्यात माणसे भरून देण्याआधी, ह्यावरून माणसे कमी करावयाची झाली तर त्यांना दुसरे काम किंवा किती मोबदला, हे लेखी ठरल्याखेरीज आकडा द्यावयाचा नाही. दोन मिलांनी ते मान्य केले आहे. तिसरीशी बोलणी चालू आहेत; तिचा आराखडा मी गेल्या रविवारी पाहिला. त्यातही काट्याजवळ एक बाण आहे, आणि त्यावर अजून कोणाचे नाव नाही.